व्यसनमुक्ती आणि ख्रिस्ती विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न दोन प्रकारच्या वाचकांकडून येतात: ज्यांचे स्वतःचे व्यसन सुटत नाही त्यांच्याकडून, आणि ज्यांच्या घरात कोणाचे तरी सुटत नाही त्यांच्याकडून. उत्तरांना पवित्र शास्त्राचा आणि वैद्यकीय ज्ञानाचा असा दुहेरी आधार आहे. बहुतेक उदाहरणे दारूची असली, तरी अफूजन्य पदार्थ, गोळ्या, तंबाखू आणि जुगार यांचाही विचार जागोजागी केला आहे.

व्यसन हे पाप आहे की आजार?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा एक उत्तर आधीच हवे असते. घरच्यांना ‘पाप’ हे उत्तर सोयीचे वाटते, कारण त्यामुळे दोष कोणाचा हे ठरून जाते. व्यसनी माणसाला ‘आजार’ हे उत्तर बरे वाटते, कारण मग दोष कोणाचाच उरत नाही. ख्रिस्ती विश्वासाला या दोन्ही सोयी मान्य नाहीत.

पहिला प्याला माणूस बहुधा स्वतःच्या हाताने उचलतो. पुढे रोजच्या सेवनाने मेंदूतील सुखाची, ताणाची आणि संयमाची यंत्रणा बदलत जाते, डोपामिन या रसायनाचा तोल ढळतो, आणि एक वेळ अशी येते की माणूस आनंदासाठी पीत नाही, तर अंगाची थरथर थांबावी म्हणून पितो. सकाळी चहाचा कप एका हाताने धरता येत नाही, दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडतो, आणि ‘उतारा’ घेतल्यावर मात्र तोच हात स्थिर होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला ‘मनावर घे म्हणजे सुटेल’ असे म्हणवणार नाही. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस हीच साखळी स्वतःच्या वासनांविषयी मांडली होती: वासनेची सेवा केली की तिची सवय होते, आणि सवयीला विरोध केला नाही की तिची गरज होते. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात केलेला आक्रोश, की जे करावेसे वाटते ते आपण करत नाही आणि ज्याचा द्वेष करतो तेच करतो, व्यसनी माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

तरीही आजार म्हटल्याने जबाबदारी संपत नाही. मधुमेह होणे हा गुन्हा नसला, तरी तो झाल्याचे कळल्यावर औषध घेणे ज्याचे त्याच्यावरच असते. व्यसनाच्या भरात बोललेले खोटे, उचललेले पैसे आणि उगारलेला हात यांना शास्त्र पापच म्हणते आणि त्यांचा पश्चात्ताप करावाच लागतो. जन्मांध माणसाला पाहून ‘पाप कोणी केले?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभू येशूने दोषाची चर्चा तिथेच थांबवली आणि त्या माणसाला बरे केले (योहान 9). आपल्या घरातील चर्चाही लवकरात लवकर उपचाराकडे वळवावी.

पवित्र शास्त्रात व्यसनाविषयी थेट काही सांगितले आहे का?

होय, आणि ते आश्चर्य वाटावे इतके बारकाईने सांगितले आहे. नीतिसूत्रे 23:29-35 मध्ये लालसर डोळे, विनाकारण झालेल्या जखमा, डोळ्यांपुढे दिसणारे चमत्कारिक प्रकार आणि समुद्राच्या मध्यभागी झोपल्यासारखी डोलणारी जमीन यांचे वर्णन आहे. त्या उताऱ्याचा शेवट असा की मार खाल्लेला तो माणूस, आपल्याला काहीच लागले नाही असे म्हणतो आणि जाग केव्हा येईल, पुन्हा केव्हा पिता येईल, याचाच विचार करतो. नुकसान समोर दिसत असूनही पुन्हा तिकडेच वळणे, या लक्षणाला आजचे डॉक्टरही व्यसनाच्या निदानात महत्त्वाचे स्थान देतात.

मात्र शास्त्राने द्राक्षारस सर्वस्वी निषिद्ध ठरवलेला नाही. काना येथील लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. निषेध आहे तो पिऊन धुंद होण्याचा (इफिस 5:18) आणि कशाच्याही अधीन होण्याचा (1 करिंथ 6:12). काही मंडळ्या संपूर्ण वर्ज्यतेचा आग्रह धरतात, काही धरत नाहीत. ज्याला व्यसन जडले आहे त्याच्यासाठी मात्र हा वाद संपलेला आहे. त्याने ‘थोडीशी’ घेण्याचा प्रयोग करू नये, आणि काना येथील लग्नाचा दाखला देऊन त्याला कोणी आग्रह तर मुळीच करू नये.

देवाच्या राज्याचे वतन कोणाला मिळणार नाही, ही 1 करिंथ 6:9-10 मधील यादी मद्यपींना ऐकवली जाते, म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: त्याच यादीत लोभी आणि निंदकही आहेत. शिवाय पुढच्याच वचनात पौल करिंथच्या विश्वासणाऱ्यांना सांगतो की तुमच्यापैकी कित्येक तसे होते. म्हणजे त्या मंडळीच्या बाकांवर दारू सुटलेली माणसे बसत होती.

माझी केवळ सवय आहे की व्यसन, हे कसे ओळखावे?

काही प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावेत. ठरवल्यापेक्षा जास्त घेतली जाते का? कमी करण्याचे प्रयत्न वारंवार फसले आहेत का? पूर्वी जेवढ्याने भागत असे तेवढ्याने आता भागत नाही का? न घेतल्यास घाम, थरथर, झोप उडणे असे त्रास होतात का? नोकरी, प्रकृती किंवा घरातील माणसे दुरावत असूनही सेवन चालूच आहे का? एक-दोन प्रश्नांचे उत्तर जरी ‘होय’ आले, तरी डॉक्टरांशी बोलावे.

ऑगस्टीन यांची आई मोनिका लहानपणी तळघरातून द्राक्षारस आणताना एकेक घोट घेऊ लागली आणि हळूहळू पेला भरून पिऊ लागली. भांडणात एका दासीने तिला ‘बेवडी’ म्हणून हिणवले, ते तिच्या जिव्हारी लागले आणि तिने ती सवय तिथेच टाकली. सवय कोवळी असताना एखादा शब्दही पुरतो. ती मुरल्यावर टोमणे उपयोगी पडत नाहीत, उलट पिण्याला निमित्त मिळते.

आज प्रार्थना केली आहे, आजपासूनच दारू पूर्ण बंद करावी का?

निर्णय आजच घ्यावा, पण रोज आणि भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. या पानावरील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे.

शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना वात होतो: माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, नसलेले किडे किंवा माणसे त्याला दिसतात, ताप चढतो, नाडी धावू लागते. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू ओढवू शकतो. अशा वेळी घरच्यांनी ‘सैतान बाहेर पडतो आहे’ असे समजून केवळ प्रार्थना करत बसणे ही जिवाशी गाठ आहे. तत्काळ रुग्णालय गाठावे. प्रार्थना वाटेतही करता येते. रुग्णालयात नियंत्रित प्रमाणात औषधे देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो, आणि मेंदूचे कायमचे नुकसान टाळण्यासाठी थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, दिले जाते.

झोपेच्या किंवा चिंतेवरील काही गोळ्यांच्या बाबतीतही हाच धोका असतो; त्या आठवड्यांनी-महिन्यांनी हळूहळू कमी कराव्या लागतात. तंबाखू एकदम सोडल्याने चिडचिड आणि बेचैनी होते, पण जिवाला धोका नसतो.

औषधे घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे का?

नाही. निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणाइतांना असते, असे प्रभू येशूनेच म्हटले आहे. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसासाठी आधी तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, मग त्याला जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाचीही सोय केली. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. दाताच्या दुखण्याला जो विश्वासणारा निःशंकपणे गोळी घेतो, तोच मेंदूच्या दुखण्याला गोळी नको म्हणतो, हे विसंगत आहे.

दारूची तलफ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट ही औषधे वापरली जातात. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन दीर्घकाळ दिले जाते, आणि अशा उपचारात मृत्यूचे प्रमाण ठळकपणे घटते. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असा आक्षेप काही विश्वासणारे या उपचारावर घेतात. परंतु ठरावीक मात्रेत औषध घेऊन जो माणूस कामावर जातो, मुलांना शाळेत सोडतो आणि संध्याकाळी उपासनेला बसतो, तो नशेत नसतो. कोणत्याही पाळकाने किंवा हितचिंतकाने असे औषध बंद करण्याचा सल्ला देऊ नये.

डायसल्फिरामविषयी स्वतंत्र इशारा द्यावा लागतो. ही गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि प्रसंगी जीव धोक्यात येतो. म्हणूनच ती रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. वैतागलेले नातेवाईक ती जेवणात गुपचूप कालवून देतात. त्यामागची हतबलता समजते, तरी हे कधीही करू नये.

प्रार्थनेने व्यसन एका क्षणात सुटते का?

काहींचे सुटले आहे आणि त्यांच्या साक्षी खऱ्या आहेत. बहुतेकांचे तसे सुटत नाही, आणि त्यांचा विश्वास खोटा नसतो. पौलाने शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा मात्र पुरली (2 करिंथ 12:7-9). एलीया निराशेने मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले, दूताकरवी दोनदा खाऊ घातले, आणि त्यानंतर चाळीस दिवसांची वाट चालवली (1 राजे 19). व्यसन सोडणाऱ्याच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी यापेक्षा उपयुक्त वचन सुचत नाही: झोप, अन्न, पाणी, आणि मग पुढचा पल्ला.

प्रार्थना काय करते, हाही प्रश्न आहे. ती माणसाला खरे बोलायला शिकवते. व्यसन लपवालपवीवर पोसले जाते, आणि देवापुढे लपवण्यासारखे काही उरत नाही. 51वे स्तोत्र रोज मोठ्याने वाचणे हा एक जुना आणि चांगला परिपाठ आहे. तलफ साधारण अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढ्या वेळात गुडघे टेकावेत, कोणाला तरी फोन करावा आणि जिथे आहोत तिथून उठून चालू लागावे. तिन्ही गोष्टी कराव्यात. एकीने भागते असे सहसा होत नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्या ख्रिस्ती आहेत का?

त्यांचे मूळ ख्रिस्ती आहे, मांडणी सर्वांसाठी खुली आहे. 1935 मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन आणि शल्यविशारद बॉब स्मिथ हे दोन मद्यपी भेटले, आणि त्या भेटीतून, मद्यपींनी एकमेकांना दारू सोडायला मदत करण्याची ही चळवळ उभी राहिली. दोघेही फ्रँक बुकमन या लूथरन धर्मोपदेशकाने सुरू केलेल्या ऑक्सफर्ड ग्रुपच्या संपर्कात होते. आत्मपरीक्षण, दुसऱ्यापुढे कबुली, झालेल्या नुकसानीची भरपाई आणि देवाच्या स्वाधीन होणे या गोष्टी तिथूनच आल्या. पुढे बिल विल्सन यांनी ‘आम्हाला जसा समजला तसा देव’ अशी शब्दयोजना स्वीकारली, जेणेकरून कोणालाही दार बंद होऊ नये.

काही ख्रिस्ती लोकांना ही शब्दयोजना खटकते. त्यांच्यासाठी 1991 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चमध्ये जॉन बेकर यांनी सुरू केलेला ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ हा कार्यक्रम आहे. त्यात बारा पायऱ्यांना डोंगरावरील प्रवचनातील धन्यवादांची जोड दिलेली आहे आणि देव म्हणजे कोण हे उघड सांगितले आहे. आमचे मत असे की जवळ जो गट भरतो त्यात जावे. पिणाऱ्याला पिणाऱ्याशी बोलल्यावर जो धीर मिळतो, तो अनेकदा उत्तम प्रवचनानेही मिळत नाही. ख्रिस्ती माणसाने सर्वसाधारण गटात बसल्याने त्याच्या विश्वासाला बाध येत नाही, आणि तिथे तो कोणाला प्रार्थना करतो हे त्याला ठाऊक असते.

कबुली कोणाजवळ द्यावी?

याकोबाने एकमेकांजवळ पातके कबूल करण्यास सांगितले आहे (5:16). कॅथलिक माणसासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे, आणि तिथे सांगितलेले धर्मगुरू कोणत्याही परिस्थितीत बाहेर सांगू शकत नाहीत. इतर मंडळ्यांतील पाळकांवर गुप्ततेचे बंधन किती, हे मंडळीनुसार बदलते. म्हणून बोलण्यापूर्वी तसे स्पष्ट विचारून घ्यावे. भर उपासनेत उभे राहून सर्व काही सांगणे ही कबुलीची उत्तम पद्धत नाही. एक विश्वासू, शक्यतो त्याच वाटेने गेलेली आणि आपल्याच लिंगाची व्यक्ती पुरेशी असते.

कबुलीनंतर भरपाई येते. जकातदार जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे जाहीर केले, तेव्हा आज या घराचे तारण झाले आहे असे प्रभूने म्हटले (लूक 19). कर्जाची यादी करावी, ज्यांची फसवणूक केली त्यांची नावे लिहावीत आणि जमेल तशी फेड सुरू करावी. ज्या कबुलीने समोरच्याला किंवा तिसऱ्या कोणाला नव्याने इजा होईल, ती मात्र सल्ला घेतल्याशिवाय देऊ नये. केवळ स्वतःचे मन हलके करण्यासाठी पत्नीच्या मनावर सगळा भार टाकणे ही भरपाई होत नाही.

काही महिने सोडल्यावर पुन्हा घेतली. आता देव मला क्षमा करील का?

करील. नीतिमान सात वेळा पडला तरी पुन्हा उठतो (नीतिसूत्रे 24:16). व्यसनातून बाहेर येणाऱ्यांमध्ये घसरण होणे सर्रास आढळते, आणि त्यामुळे आधीचे महिने वाया जात नाहीत. घात करते ती पहिल्या पेल्यानंतरची विचारसरणी: आता सगळे गेलेच आहे, मग बाटली तरी का ठेवू? त्याच क्षणी फोन करावा, त्याच दिवशी गटात जावे आणि काय घडले ते क्रमाने लिहून काढावे. कोणाशी भांडण झाले होते, पोट रिकामे होते का, एकटेपणा होता का, हाती अचानक पैसे आले होते का?

हेरॉइनसारखे अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. काही काळ बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते, आणि पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच फार धोक्याचे असतात. जिथे नॅलोक्सोन हे अफूजन्य पदार्थांचा परिणाम उलटवणारे औषध मिळते, तिथे ते घरात ठेवावे आणि वापरायला शिकून घ्यावे.

प्रभूने सांगितलेला झाडून लोटून सजवलेल्या रिकाम्या घराचा दृष्टान्त (मत्तय 12:43-45) इथे लागू पडतो: बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो आणि घर रिकामे पाहून आणखी सात जणांसह आत शिरतो. दारू गेल्यावर संध्याकाळचे तीन-चार तास मोकळे पडतात. त्या वेळात काय करायचे, कोणाबरोबर बसायचे, हे आधी ठरवले नसेल तर जुनी मंडळी आपोआप परत येतात.

माझा नवरा (मुलगा, भाऊ, आई) व्यसनी आहे. मी नेमके काय करावे?

सोमवारी सकाळी तो उठत नाही. पत्नी त्याच्या कामाच्या ठिकाणी फोन करून ताप आल्याचे सांगते, रात्रीची उलटी पुसते, शेजाऱ्यांकडे हसून बघते आणि कर्जाचा हप्ता स्वतःच्या पगारातून भरते. हे सारे ती प्रेमापोटी करते आणि समाज तिला सोशिक म्हणून वाखाणतो. दुपारी तो जागा होतो तेव्हा नोकरी शाबूत असते, फरशी स्वच्छ असते, हप्ता भरलेला असतो. आपल्याला काही अडचण आहे असे त्याला वाटावे तरी कशावरून?

गलतीकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपापला भार वाहावा असेही सांगतो. कुटुंबाचा सगळा कस या दोन वचनांतील सीमा ओळखण्यात लागतो. उपचाराला सोबत जाणे, जेवायला वाढणे, मुलांची फी भरणे हे ओझे वाहणे आहे. त्याच्यासाठी खोटे बोलणे, त्याचे कर्ज फेडणे, त्याने फोडलेले गुपचूप आवरून ठेवणे म्हणजे त्याचा भार आपल्या डोक्यावर घेणे होय, आणि त्याने व्यसनाला मदतच होते.

1 शमुवेल 25 मधील अबीगईल या बाबतीत फार शिकवून जाते. तिचा नवरा नाबाल दाविदाचा अपमान करून बसला आणि दावीद चारशे माणसे घेऊन चालून आला. अबीगईलने नवऱ्याच्या परवानगीची वाट न पाहता घरादाराचा जीव वाचवला. ती परतली तेव्हा नाबाल मेजवानीत झिंगलेला होता, म्हणून उजाडेपर्यंत ती त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. सकाळी नशा उतरल्यावर तिने घडलेले सर्व त्याला सांगितले. तिच्या वागण्यात तीन गोष्टी दिसतात: प्यायलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, शुद्धीवर आल्यावर काहीही लपवायचे नाही, आणि तोपर्यंत घरच्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था थांबवायची नाही.

म्हणून बोलणे सकाळी करावे, थोडक्यात करावे आणि घडलेल्या गोष्टींपुरते ठेवावे. ‘तू असाच आहेस’ यापेक्षा ‘काल मुलीच्या वाढदिवसाला तू अकरा वाजता आलास आणि ती रडत झोपली’ हे वाक्य अधिक खोल जाते. न पिता गेलेल्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसावे, हसावे, फिरायला जावे. प्यायलेल्या संध्याकाळी त्याची संगत सोडून दुसऱ्या खोलीत जावे. उपचाराचा पत्ता, वेळ आणि पैशांची सोय आधीच तयार ठेवावी, कारण ‘मला घेऊन चला’ असे तो कधीतरी म्हणतो आणि त्याच्या मनाची ती तयारी दुपारपर्यंत टिकेलच असे नसते. कुटुंबीयांना याच गोष्टी शिकवणाऱ्या उपचारपद्धती अभ्यासांत उपयुक्त ठरल्या आहेत. समोरासमोर घेरून जाब विचारण्यापेक्षा या मार्गाने अधिक व्यसनी माणसे उपचाराला येतात.

आणि स्वतःसाठीही गट शोधावा. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी 1951 मध्ये कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन सुरू केले, ते नवऱ्याची दारू सुटल्यानंतर स्वतःच्या मनात साठलेला संताप ओळखल्यावरच.

पैसे मागितल्यास द्यावेत का?

रोख देऊ नयेत. भूक असेल तर जेवण द्यावे, औषध हवे असेल तर दुकानात सोबत जाऊन घेऊन द्यावे. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील बाप दूर देशात पैसे पाठवत नाही. मुलगा परत फिरतो तेव्हा मात्र तो धावत सुटतो.

सत्तर वेळा सात क्षमा करायची, मग मारहाणही सहन करायची का?

नाही. क्षमा म्हणजे सूड सोडणे. ती आज आणि एकट्याने देता येते. विश्वास पुन्हा बसायला मात्र दुसऱ्याचे बदललेले वागणे लागते आणि त्याला महिने, कधी वर्षे जातात. क्षमा केली म्हणून बँकेचे कार्ड परत हाती देणे बंधनकारक नाही. घरात मारहाण होत असेल तर मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जावे आणि पोलिसांची मदत घ्यावी. विवाहाचे पावित्र्य पुढे करून कोणत्याही पत्नीला मार खाण्यासाठी परत पाठवणारा सल्ला ख्रिस्ताच्या नावाने दिला जाऊ नये. आत्महत्येची धमकी आली तर तिला नाटक समजू नये. लगेच डॉक्टरांना किंवा आपत्कालीन सेवेला कळवावे.

मुलांना काय सांगावे?

खरे सांगावे, वयाला झेपेल इतके. बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तुला तो बरा करता येणार नाही, आणि याविषयी तू माझ्याशी केव्हाही बोलू शकतोस. द्राक्षारस पिऊन उघड्या पडलेल्या नोहाच्या अंगावर त्याच्या दोन मुलांनी पाठमोरे जाऊन वस्त्र घातले (उत्पत्ती 9), त्यातून व्यसनी माणसाची चारचौघांत विटंबना न करण्याचा धडा घ्यावा. घरातले गुपित सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर टाकण्यासाठी तो दाखला वापरू नये.

व्यसन म्हणजे भूतबाधा आहे का? सुटकेच्या प्रार्थनेने भागेल का?

सैतान माणसाच्या दुर्बलतेचा फायदा घेतो हे बहुतेक मंडळ्या मानतात. प्रत्यक्ष बाधेविषयी त्यांच्यात मतभेद आहेत. मत काहीही असले तरी मर्यादा स्पष्ट हवी. आजारी माणसाला बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे, मारणे किंवा त्याची औषधे काढून घेणे याला प्रार्थना म्हणत नाहीत. असे प्रकार जिथे चालतात तिथून आपल्या माणसाला बाहेर काढावे, मग त्या दारावर क्रूस लावलेला का असेना.

मंडळीने काय करावे?

मेलेल्या लाजराला प्रभूने कबरेतून हाक मारून बाहेर बोलावले. पण त्याच्या हातापायांच्या पट्ट्या सोडण्याचे काम तिथे उभ्या असलेल्या माणसांना सांगितले (योहान 11:44). मंडळीच्या वाट्याला आलेले काम हे आहे, आणि ते कंटाळवाणे, वेळखाऊ आणि टाळ्या न मिळवणारे आहे: आठवड्यातून एक संध्याकाळ गटासाठी खोली उघडणे, उपचाराच्या दिवशी कोणाला तरी गाडीतून नेणे, केंद्रातून परतलेल्याला काम मिळवून देणे, त्याच्या पत्नीचे ऐकून घेणे.

एक चूक मंडळ्या वारंवार करतात. दारू सोडून चार आठवडे झालेल्या माणसाला व्यासपीठावर उभे करून साक्ष देण्यास सांगितले जाते. लोक सद्गदित होतात. तीन महिन्यांनी तो घसरतो, तेव्हा त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही आणि तो परत येत नाही. नवशिक्या विश्वासणाऱ्यावर पुढारपण न सोपवण्याचा सल्ला पौलाने तीमथ्याला दिला होता. तो इथेही पाळावा. वर्षभर त्याला खुर्च्या मांडू द्याव्यात.

जुगार, मोबाइलवरील खेळ, अश्लील चित्रे यांनाही हेच लागू आहे का?

बऱ्याच अंशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या आजारांच्या वर्गीकरणात जुगार आणि डिजिटल खेळ यांच्या व्यसनांचा समावेश आहे. यांत शरीर थरथरत नाही, म्हणून घरच्यांना उशिरा कळते. जुगाराच्या बाबतीत प्रथम पैशांचे सर्व व्यवहार दुसऱ्या विश्वासू व्यक्तीकडे सोपवावेत आणि कर्जाचा खरा आकडा एकदा कागदावर आणावा. हा आकडा लपवता लपवता माणसे जिवाचे बरेवाईट करून घेतात.

प्रभुभोजनातील द्राक्षारस घ्यावा का?

घेऊ नये, आणि त्यात संकोच वाटू देऊ नये. कॅथलिक शिकवणीप्रमाणे केवळ भाकरीच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेतला तरी तो पूर्ण असतो. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या न आंबवलेला द्राक्षरस वापरतात. 1869 मध्ये अमेरिकेतील मेथडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी रस तापवून तो आंबू न देण्याची रीत याच कारणासाठी वापरात आणली. जिथे अजून आंबवलेला वापरतात तिथे पाळकांकडे पर्याय मागावा.

पाळक किंवा धर्मगुरूच व्यसनात असतील तर?

ही गोष्ट लोकांना वाटते तितकी दुर्मीळ नाही. त्यांनाही तोच आजार, तोच उपचार आणि तीच कृपा आहे. अडचण एवढीच की त्यांच्या कबुलीबरोबर त्यांची उपजीविका, अनेकदा राहते घरही, पणाला लागते, आणि म्हणून ते इतरांपेक्षा अधिक काळ लपवतात. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाने याविषयीचे धोरण अशी वेळ येण्यापूर्वीच लेखी करून ठेवावे. उपचाराच्या काळात मानधन आणि निवास चालू राहील, उपदेश आणि समुपदेशन तेवढा काळ दुसऱ्याकडे जाईल, मंडळीला काय आणि किती सांगायचे ते त्यांच्या संमतीने ठरेल, आणि सेवेत परतण्याचा निर्णय त्यांनी एकट्याने न घेता वडीलमंडळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून घेईल, एवढे त्यात असावे.